धातू पाण्यातून निघाला खरा, पण गेला कुठे?



सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण आपण सगळेच करतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, हे प्रमाण आता शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. मिश्रण झाले की जुनी माणसे घासून चकचकीत केलेला विळा त्यात बुडवून बघतात. विळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजायचे, आणखी निवळी घालायची, आणि विळा कोरा निघाला की फवारणीला लागायचे. हा तांबूस थर म्हणजे काय? ते तांबेच. पाण्यात विरघळलेले, वेगळे न दिसणारे तांबे तुमच्या विळ्यावर येऊन बसले. म्हणजे पाण्यातून धातू परत काढण्याचा प्रयोग आपल्या परसात दर पावसाळ्याआधी होतच असतो. फक्त त्याला कोणी शास्त्र म्हणत नाही.

हे आज सांगायला कारण आहे. गेली दोन-तीन वर्षे गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न हमखास निघतो. ‘साहेब, कोळंबीच्या टरफलाची पावडर म्हणे पाण्यातले विषारी धातू ओढून घेते. आपल्या विहिरीत टाकू या का?’ कोणी मोबाईलवर चित्रफीत पाहिलेली असते, कोणाकडे विक्रेता येऊन गेलेला असतो. कारखान्याच्या नाल्याकाठचे गाव असेल तर प्रश्नात आशा असते आणि रागही असतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ही विद्या खरी आहे, आणि तिचा कच्चा माल आपल्या कोकणच्या बंदरांवर पडलेला आहे. पण तिची जागा कारखान्याच्या आत आहे, आपल्या विहिरीत नाही. आणि धातू धरणे ही अर्धीच गोष्ट झाली. धरलेला धातू पुढे कुठे गेला, हा हिशोब ज्याच्याकडे नाही त्याला गावात पाऊल टाकू देऊ नये. या बाबतीत माझ्या स्वतःच्या हातून एक चूक होता होता राहिली. तीही पुढे सांगणार आहे.

धातू कुजत नाही

शेण, पालापाचोळा, साखर कारखान्याची मळी, यांचे प्रदूषण वाईटच. पण त्यांना जिवाणू खातात. वेळ लागेल, वास येईल, मासे मरतील, पण शेवटी ते कुजून जाते. धातूचे तसे नाही. शिसे कुजत नाही, कॅडमियम कुजत नाही, क्रोमियम कुजत नाही. आज नाल्यात सोडलेले निकेल पाण्यातून गाळात जाईल, गाळातून भाताच्या मुळाशी जाईल, खाडीतल्या कालवांत जाईल, पण नाहीसे होणार नाही. जागा बदलेल, इतकेच. पुढचे सगळे समजायला एवढी एक गोष्ट पुरे आहे.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने, म्हणजे आय.एस. १०५०० ने, घातलेल्या मर्यादा बघा. एका लिटरमध्ये शिसे ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम, पारा ०.००१ मिलिग्रॅम, निकेल ०.०२ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा हजारावा भाग. इतके थोडे डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही, उकळून जात नाही आणि तुरटीने खात्रीने निघत नाही. पाणी नितळ आहे म्हणून चांगले आहे, हा आपला जुना ठोकताळा इथे उपयोगी पडत नाही.

हे धातू येतात कुठून? मुलामा देणारे कारखाने, बॅटऱ्यांचे काम, रंग, कातडी कमावणे, काही रसायनांचे कारखाने. मुलाम्याचे उदाहरण घेऊ. नळाची तोटी चकचकीत करायची तर ती निकेलच्या आणि क्रोमियमच्या द्रावणात बुडवतात, मग बाहेर काढून स्वच्छ पाण्यात धुतात. ते धुण्याचे पाणी पातळ असते, पण रोजचे असते आणि भरपूर असते. घोटाळा तिथे होतो.

चुना चांगला, पण पुरेसा नाही

कारखान्यात या पाण्यावर रूढ उपाय आहे तो चुन्याचा किंवा कॉस्टिक सोड्याचा. बोर्डोत चुना मोकळे तांबे बांधतो, तसेच इथेही होते. पाणी अल्कधर्मी झाले की बहुतेक धातू साका होऊन खाली बसतो. क्रोमियमच्या पिवळ्या पाण्यावर मात्र आधी वेगळी प्रक्रिया करून त्याचा विषारी प्रकार मोडावा लागतो, मग चुना. उपाय जुना आहे, स्वस्त आहे, आणि पाण्यात धातू जास्त असेल तेव्हा उत्तम चालतो.

त्यात दोन उणिवा. पहिली, शेवटचा अंश राहून जातो. लिटरला शंभर मिलिग्रॅमचे दोन-तीन मिलिग्रॅमवर आणणे सोपे, दोन-तीनचे पावावर आणणे कठीण. दुसरी, खाली बसलेला गाळ. त्यात चार धातू, चुना, तेल, माती सगळे एकत्र. तो धातू परत वापरायला मिळत नाही, गाळ मात्र सांभाळावा लागतो. मुलाम्याचा असा गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे घातक कचरा ठरतो, आणि तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणच्या सामायिक विल्हेवाट केंद्रात पाठवावा लागतो. पाठवायला खर्च येतो. खर्च आला की कोणाला तरी रात्रीचा नाला दिसू लागतो.

या दोन उणिवांच्या जागी कोळंबीचे टरफल कामाला येते.

टरफलात आहे तरी काय

कोळंबी सोलली की डोके आणि टरफल मिळून वजनाचा साधारण चाळीस ते पन्नास टक्के भाग बाजूला पडतो. मिरकरवाड्याला किंवा कुठल्याही मासळी बंदरावर हा ढीग आणि त्याचा वास आपल्या परिचयाचा आहे. या टरफलात मुख्यतः तीन वस्तू असतात. चुनखडी, प्रथिने, आणि कायटिन नावाचा चिवट धागा. झाडाला जसा सेल्युलोज, तसा कोळंबी, खेकडा आणि किडे यांना कायटिन. अळंब्यांतही तो असतो. सन १८११ मध्ये ब्राकोनो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला तो प्रथम अळंब्यांतच सापडला.

टरफले सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली की चुनखडी विरघळते. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिने निघून जातात. उरतो तो कायटिन. तो चाळीस-पन्नास टक्के कॉस्टिक सोड्यात शंभर अंशाच्या आसपास शिजवला की त्याचे कायटोसान होते. आपल्या देशात कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या प्रक्रियेवर फार वर्षांपासून काम केलेले आहे.

कायटिन आणि कायटोसान यात फरक एवढाच, की कायटोसानच्या साखळीवर जागोजागी अमाइन नावाचे मोकळे हात तयार होतात. हे हात तांबे, शिसे, कॅडमियम, पारा, निकेल अशा धातूंना धरतात. शेणखत घातलेली जमीन पोटॅश आणि अमोनिया धरून ठेवते, वाहून जाऊ देत नाही, हे आपण जाणतो. साधारण तसलाच प्रकार, पण पकड वेगळी आणि जास्त घट्ट. आणखी एक चांगला गुण म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम, सोडियमकडे हे हात फारसे वळत नाहीत. त्यामुळे जड पाण्यातही जड धातू निवडून धरता येतात.

मग त्यात सुधारणा कसली? साध्या कायटोसानची खोड अशी, की आंबट पाण्यात तेच विरघळून जाते. सौम्य व्हिनेगरमध्ये टाकून बघा, खळ होते. कारखान्याचे पाणी बहुधा आंबटच असते. म्हणून त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी रसायनाने टाके घालतात. गोधडीला टाके घातले की चिंध्या सुटत नाहीत, तसे. मग त्याचे साबुदाण्याएवढे मणी करून नळकांड्यात भरतात, वरून पाणी सोडतात. कधी त्यावर एखाद्या विशिष्ट धातूला ओढणारे जादा हात बसवतात, कधी त्यात लोहाचे संयुग मिसळतात. अशा नैसर्गिक धाग्याला पुस्तकात जैव-बहुवारिक म्हणतात. आपण ‘टाके घातलेले टरफल’ म्हटले तरी चालेल.

मणी भरले की त्यांवरून थोडे सौम्य आम्ल सोडायचे. धरलेला धातू सुटतो आणि थोड्याशा पाण्यात दाट होऊन बाहेर येतो. हजारो लिटर पातळ पाण्यातला धातू बादलीभर द्रावणात आला, की तो परत मुलाम्याच्या कामाला लावता येतो. मणी धुऊन पुन्हा वापरायचे. अर्थात दर वेळी त्यांची ताकद थोडी कमी होते, आणि एक दिवस ते टाकावेच लागतात. हा टाकण्याचा दिवस लक्षात ठेवा.

भाताचा तूस, उसाचे चिपाड, काथ्याचा भुसा, संत्र्याची साल यांवरही असे प्रयोग देशभर झाले आहेत. त्यांच्यात सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन असते आणि तेही धातू धरतात. कच्चे वापरले तर पकड बेताची. त्यांच्यावरही रासायनिक संस्कार करावे लागतात.

ही केवळ प्रयोगशाळेतली गोष्ट नाही. आय.आय.टी. मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने कायटोसानच्या आधाराने धातूंच्या ऑक्साइडचे बारीक कण बांधून पाणी शुद्ध करणारे पदार्थ केले, आणि त्याचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्याच गटाचे ‘अमृत’ नावाचे तंत्र पाण्यातले आर्सेनिक काढण्यासाठी आर्सेनिकग्रस्त गावांत वापरात आले. प्रा. प्रदीप यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा आपल्या देशात हे होते का, असे कोणी विचारले तर होते, असे उत्तर आहे.

आता हिशोब मांडू

कारखान्याचे दिवसाला दहा हजार लिटर धुण्याचे पाणी आहे आणि चुन्याची प्रक्रिया होऊनही त्यात लिटरला पाच मिलिग्रॅम तांबे उरले आहे असे धरू. नदी-नाल्यात सोडण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा तीन मिलिग्रॅम. म्हणजे हे पाणी नियमात बसत नाही. यात रोजचे तांबे किती? पन्नास ग्रॅम. कायटोसानची क्षमता शोधनिबंधांत एका ग्रॅमला काही दहा मिलिग्रॅमपासून शंभराच्या वरपर्यंत दिलेली असते. खरे मळके पाणी आणि प्रयोगशाळेचे स्वच्छ पाणी यात फरक पडतोच, म्हणून आपण पन्नास धरू. म्हणजे रोज एक किलो मण्यांचे काम.

महिन्याचे तांबे दीड किलो. मोरचुदात तांबे साधारण पाव हिस्सा असते. म्हणजे महिन्याला सहा किलो मोरचूद, सहाशे लिटर बोर्डोचे तांबे. बाजारात त्याची किंमत किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. सांगायचा मुद्दा असा, की ‘धातू परत मिळतो, त्यामुळे कारखानदार आपणहून हे करील’ असे जे म्हणतात, ते खरे नाही. सोने, चांदी, काही प्रमाणात निकेल यांत परवडत असेल. तांब्या-जस्तात फक्त पैशासाठी कोणी करणार नाही. करील तो कायद्याच्या धाकाने आणि गावाच्या नजरेने. खरी कमाई त्या दीड किलो तांब्यात नाही, नाल्यात आहे.

आणि हेच काम विहिरीत का करायचे नाही? कारखान्याच्या आत पाणी कुठले, किती आंबट, त्यात कुठला धातू, हे सगळे माहीत असते. पाणी थोडे असते, धातू त्यामानाने दाट असतो. विहिरीत येईपर्यंत तो लाखो लिटरमध्ये पसरलेला असतो. पावडर टाकली तर किती धरली, किती खाली बसली, ते कोण मोजणार? धातू धरलेली पावडर त्याच विहिरीच्या तळाशी बसणार. मग काढले काय आणि ठेवले काय! पुन्हा एकदा गावाने विहीर सुधारण्याचा खर्च अंगावर घेतला की कारखान्याच्या तोंडावरची जबाबदारी आपोआप सैल होते. हे मला सगळ्यात खटकते.

जांभ्या कातळातल्या बोअरच्या पाण्यात लोह येते, भांडी तांबडी होतात, कपड्याला डाग पडतात. त्यासाठीही या महागड्या पावडरीची गरज नाही. पाणी उंचावरून पाडून हवा लागू द्यावी, साठवून निवळू द्यावे, वाळूच्या थरातून गाळावे. बहुतेक ठिकाणी एवढ्याने काम भागते.

चाळीस गोण्यांची गोष्ट

आता माझ्या चुकीचे सांगतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात एक गृहस्थ टेम्पो घेऊन आला. चाळीस गोण्या, आत पिवळसर तपकिरी बारीक दाणे. ‘कायटोसानयुक्त सेंद्रिय खत, प्रात्यक्षिकासाठी फुकट’ असे त्याचे म्हणणे. कायटोसान पिकाला उपयोगी असते, हे मी वाचलेले. रोगप्रतिकारशक्तीसाठी त्याची फवारणी करतात, तसा माल बाजारात रीतसर मिळतोही. मला आनंदच झाला. बैठकीत सगळ्यांसमोर मी सांगून टाकले, ‘घ्यायला हरकत नाही.’

मागे बसलेल्या एक वयस्कर काकी उठल्या. म्हणाल्या, ‘साहेब, फुकट कोण कोणाला देतो? ह्या आधी कशाला वापरलेला, ता सांगा.’

मी त्या गृहस्थाकडे बघितले. तो म्हणाला, ‘कंपनीत पाणी गाळायला होतं. आता नुसतं सेंद्रिय आहे.’ माझ्या अंगावर काटा आला. माल कुठला, कशासाठी वापरलेला, तपासणीचा अहवाल काय, हे कागदावर लिहून द्या, असे सरपंचांनी सांगितले. सोमवारी आणून देतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो परत आला आणि गोण्या भरून निघून गेला. सोमवार काही आला नाही.

त्या गोण्यांत धातू होता असे मी म्हणत नाही. तपासणी झालीच नाही, तर कशाच्या जोरावर म्हणू? पण पदविका घेतलेल्या, सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने जो प्रश्न पहिला विचारायला हवा होता, तो त्या काकींनी विचारला. तो टेम्पो पुढे कुठल्या गावात रिकामा झाला असेल, हा विचार अजून मनातून जात नाही. त्या गावात कोणी काकी उठली असेल का?

आता आकडे बघा म्हणजे काट्याचे कारण कळेल. वर आपण धरलेल्या हिशोबाने भरलेल्या एका किलो मण्यांत पन्नास ग्रॅम, म्हणजे पन्नास हजार मिलिग्रॅम तांबे असते. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी तांब्याची मर्यादा किलोला तीनशे मिलिग्रॅम आहे. म्हणजे दीडशे पटीहून जास्त. ‘शेणखतात मिसळून टाका, पातळ होईल’ असे कोणी सांगेल. शंभर पोती शेणखतात असले एक पोते मिसळले, तरी किलोला जवळपास पाचशे मिलिग्रॅम पडते. मर्यादेच्या वरच. आणि ही तांब्याची गोष्ट. त्याच आदेशात कॅडमियमची मर्यादा किलोला फक्त पाच मिलिग्रॅम आहे, निकेल आणि क्रोमियमची प्रत्येकी पन्नास. एकदा शेतात गेलेला धातू नांगराने बाहेर येत नाही. जमीन नातवंडांना द्यायची असते.

इथे आपणही थोडे आरशात बघावे. वर्षानुवर्षे बोर्डो फवारलेल्या बागांच्या मातीत तांबे साठत जाते. फवारा सोडू नका, पण बॅरलमध्ये उरलेले मिश्रण विहिरीच्या कडेला किंवा ओढ्यात ओतू नका, आणि प्रमाण पाळा. कारखान्याला हिशोब विचारायचा तर आपलाही नीट असला पाहिजे.

टरफलाचा धंदा करायचा का?

काही बचत गटांनी विचारले, की कायटोसान घरी करता येईल का. माझे उत्तर स्पष्ट आहे. शिजवण्याचे काम घरी किंवा शेडमध्ये करू नका. पन्नास टक्के उकळता कॉस्टिक सोडा म्हणजे डोळे आणि कातडी जाण्याचे काम आहे. शिवाय त्यातून निघणारे आम्लाचे आणि सोड्याचे पाणी परसात सोडले, तर धातू काढण्याच्या नावाखाली आपणच नवा नाला तयार केला असे होईल. गटांना करता येण्याजोगे काम त्याच्या अलीकडचे आहे. ताजी टरफले त्याच दिवशी गोळा करणे, धुणे, मांस वेगळे करणे, उन्हात कडक वाळवणे, जातवार वेगळी ठेवणे. कुजलेल्या टरफलाला भाव येत नाही. आधी घेणारा पक्का करा, लेखी दर घ्या, मगच वाळवणाचे खळे करा. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन सल्ला घ्यावा, तिथे या विषयातली माणसे आहेत.

गावाने काय विचारावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि जलसुरक्षक यांना माझी विनंती आहे. कोणी संस्था, कंपनी किंवा विक्रेता अशी योजना घेऊन आला, तर चहा जरूर पाजा, पण पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय ठराव करू नका.

पहिला, पाण्यात कुठला धातू आहे आणि तो कुठल्या प्रयोगशाळेने मोजला? जल जीवन मिशनच्या साध्या तपासणी संचावर लोह, फ्लोराइड, नायट्रेट असे काही घटक कळतात. शिसे, कॅडमियम, निकेल यांसाठी प्रयोगशाळेतच जावे लागते. मोजमाप नसेल तर औषध कशावर देता?

दुसरा, हे काम कारखान्याच्या कुंपणाच्या आत करता येणार नाही का? नसेल तर का नाही?

तिसरा, मणी भरले की कोण नेणार, कुठे नेणार, आणि त्याची पावती ग्रामपंचायतीला दाखवणार का? धातू सोडवून घेतलेले आम्लाचे द्रावण कुठे जाणार?

चौथा, मणी थकल्यावर, म्हणजे टाकण्याच्या दिवशी, ते घातक कचरा म्हणून जाणार की ‘सेंद्रिय खत’ म्हणून?

पाचवा, प्रक्रियेआधीच्या आणि नंतरच्या पाण्याचे आकडे दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार का?

कारखान्याचे पाणी बिघडलेले दिसले, मासे मेले, नाल्याला रंग आला, तर बाटली भरून ठेवणे चांगलेच. तारीख-वेळ लिहा, पंचनामा करा. पण आपल्या बाटलीवर न्यायालयात काम भागत नाही. जल प्रदूषण कायदा १९७४ चा, त्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतीने घेतलेला नमुना लागतो. म्हणून पहिला फोन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला, आणि त्याच दिवशी लेखी अर्ज, पोच घेऊन. कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रात किती पाणी, कुठे आणि कशा दर्जाचे सोडायचे, ते लिहिलेले असते. माहितीच्या अधिकारात त्याची प्रत मिळते. ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी असलीच पाहिजे.

काही वाचक म्हणतील, कारखान्यात आपलीच पोरे कामाला आहेत, उगाच प्रश्न कशाला उकरायचे? अहो, पोरांना पगार हवा तसे घरी आल्यावर प्यायला पाणीही हवे. कारखाना बंद करा असे मी कुठे म्हणतो? मी म्हणतो, धातू आत धरा, आत सोडवा, आत वापरा आणि उरलेल्याची पावती दाखवा. चांगल्या कारखानदाराला यात अडचण वाटायला नको. त्याच्या शेजारचा नियम मोडून स्वस्तात माल विकत असेल तर नुकसान त्याचेही होतेच.

शेवटी पुन्हा विळ्याकडे येतो. विळ्यावर चढलेले तांबे आपण बोटाने पुसतो आणि विसरतो, कारण ते रवाभर असते. कारखान्याचे मणी रोज किलोकिलोने भरतात. ते कोण पुसणार आणि पुसून कुठे टाकणार, हे गावाने विचारायला हवे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मोठे भाषण नको. त्या काकींचा एक प्रश्न ठरावाच्या वहीत लिहून ठेवा, ‘हे आधी कशाला वापरले होते?’ फुकट आलेली प्रत्येक गोणी उतरवून घेण्याआधी तो मोठ्याने वाचा. मला त्या दिवशी कोणीतरी वाचून दाखवायला हवा होता.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी असून लेखातील मते त्यांची वैयक्तिक आहेत.)